बाळ बघायला येताय ना? बाळंतिणीच्या ताईचं खुलं पत्र

समस्त काका-काकू, मावश्या, आत्या, माम्या, बाबांचे बँकेतले मित्र, आईचं भजनी मंडळ, सोसायटीतल्या वहिनी आणि जिजूंच्या ऑफिसचा ग्रुप यांना,

सा.न.वि.वि.

पुढच्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीची ड्यू डेट आहे. पहिलंच बाळंतपण, त्यामुळे रीतीप्रमाणे आईकडे, धनकवडीला, तिसरा मजला, लिफ्ट आहे पण तिच्या मनावर असतं. तुम्ही सगळे येणार हे मला माहितीय, कारण चार वर्षांपूर्वी माझ्या वेळेला याच घरात तुम्ही आला होतात आणि मी मोजलं होतं, बारशाच्या आधीच ३१ जण येऊन गेले. सगळ्यांनी बाळाचं नाक कोणावर गेलंय ते सांगितलं, निम्म्यांनी "नॉर्मल का सीझर?" विचारलं, बहुतेकांनी "दूध पुरतंय ना?" विचारलं आणि माझ्याकडे बघून "चला, सुटलीस एकदाची" म्हणून चहा घेतला. राग नाहीये हां. म्हणजे थोडा आहे, पण पत्र त्यासाठी नाही लिहीत.

पत्र लिहितेय कारण सुटले वगैरे काही नव्हते मी. खरा घोळ नंतर झाला, आणि तो तुमच्या डोळ्यांसमोर झाला, भर हॉलमध्ये.

माझे नऊही महिने बीपी एकदम व्यवस्थित होतं. दर व्हिजिटला ११०/७०, ११६/७४, डॉक्टर बघायच्या आणि पुढे जायच्या. डिलिव्हरी नॉर्मल, टाके पडले थोडे, तिसऱ्या दिवशी घरी. आठव्या दिवशी रविवार होता. सकाळपासून डोकं दुखत होतं, म्हणजे नेहमीसारखं नाही, कोणीतरी आतून कपाळ ढकलतंय असं. संध्याकाळी हॉलमध्ये सात जण बसलेले, मला कानाला स्कार्फ बांधून बाहेर आणून बसवलं, का तर "काकू एवढ्या लांबून आल्यात, पिंपरीहून". (पुणेकरांसाठी पिंपरी म्हणजे परदेश, ते असो.) मी म्हटलं डोकं फार दुखतंय. मग सल्ले सुरू झाले. जागरणाने होतं. कानात वारा गेला असेल, कापूस घाल. चष्म्याचा नंबर वाढला असेल, बाळंतपणात मोबाईल बघायचा नसतो. सुंठ उगाळून लेप लाव. लेप लावला पण, खरंच लावला, आणि त्या लेपाच्या कपाळाने मी तुमच्यातल्या एकांना बाळाचे फोटो दाखवत होते तेव्हा स्क्रीनवर मला मधेच काजवे चमकल्यासारखं दिसत होतं. ते मी कोणाला सांगितलं नाही कारण मला वाटलं झोप नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेल लावायला येणाऱ्या मावशी आल्या. आंबेगावहून यायच्या त्या, बाळाला आणि मला न्हाऊ घालून पुढच्या घरी जायच्या. त्यांनी माझ्या पायाला तेल लावताना अंगठा दाबला आणि उचलला, तर तिथे खळगा तसाच राहिला, कणकेत बोट रुतवल्यासारखा. मग त्यांनी माझं तोंड बघितलं. म्हणाल्या, "ताई, तुमचा चेहरा काल असा नव्हता. परवाही नव्हता. बीपी बघितलंय का?" आता गंमत बघा, बाबांचं बीपीचं मशीन टीव्हीखालच्या कपाटात होतं. चार वर्षांपासून. रोज सकाळी बाबा स्वतःचं मोजतात आणि वहीत लिहून ठेवतात. माझं मोजायचं नऊ दिवसांत कुणाच्याही डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. मोजलं तर १६८/११०. बाबांना वाटलं मशीन बिघडलं, म्हणून त्यांनी आधी स्वतःच्या दंडाला लावून बघितलं, १३०/८०. मग परत माझ्या. १७२/११२.

पुढचं थोडक्यात सांगते. रिक्षा, इमर्जन्सी, ॲडमिट, मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शनं, जी झटके येऊ नयेत म्हणून देतात आणि ज्यांनी अंगात आग पेटल्यासारखं होतं. चार दिवस. डॉक्टरांनी सांगितलं की याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात आणि तो गरोदरपणात होतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण डिलिव्हरीनंतरही होऊ शकतो, सहा आठवड्यांपर्यंत, आणि आधी बीपी कायम नॉर्मल असलेल्या बाईलाही होतो. १४०/९० च्या वर गेलं की डॉक्टरांना कळवायचं, १६०/११० च्या वर गेलं की वाट बघायची नाही, निघायचंच. त्या म्हणाल्या आणखी थोडा उशीर झाला असता तर. वाक्य पूर्ण केलं नाही त्यांनी, आणि मीही विचारलं नाही.

म्हणून मी हे तुम्हाला लिहितेय, घरच्यांना नाही. घरचे रोज बघत होते ना मला, तासातासाला. चेहरा हळूहळू सुजतो, रोज बघणाऱ्याला तो दिसत नाही, शिवाय घरातलं प्रत्येक माणूस तेव्हा स्वतः अर्धवट झोपेत असतं. ओळखलं ते बाहेरून दिवसातून एकदा येणाऱ्या बाईने. तुम्हीही बाहेरून येणार आहात. तुमचे डोळे ताजे असतात. ते फक्त पाळण्यात घालू नका एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि दवाखान्याने सांगायला नको का, असं कोणी म्हणेल, तर हो, नको का. माझ्या डिस्चार्जच्या फाईलमध्ये बाळाची दोन पानं होती, लसींचं वेळापत्रक, कावीळ कशी ओळखायची, वजन किती वाढायला हवं, सगळं. माझ्यासाठी एक ओळ, सहा आठवड्यांनी दाखवायला या. बस. जागतिक आरोग्य संघटना सांगते की बाळंतिणीला पहिल्या २४ तासांनंतर कमीत कमी तीनदा तपासायला हवं, ४८ ते ७२ तासांत एकदा, मग ७ ते १४ दिवसांच्या मधे एकदा आणि सहाव्या आठवड्यात एकदा. माझी मधली तपासणी असती ना, तर ती बरोब्बर त्या आठवड्यात आली असती.

आता बघायचं म्हणजे काय बघायचं ते सांगते. डोकं दुखतंय आणि गोळी घेऊनही थांबत नाहीये, डोळ्यांपुढे चमकतंय किंवा अंधुक दिसतंय, बरगड्यांखाली उजवीकडे दुखतंय, चेहरा-हात अचानक सुजलेत, हे सगळं बीपीचं असू शकतं. अंगावरून जाणं हे सुरुवातीला असतंच, पण ते दिवसेंदिवस कमी व्हायला हवं. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल किंवा मोठमोठ्या गाठी पडत असतील तर ते "बाळंतपणात असं असतंच" नाही. जगभर आईच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण रक्तस्रावच आहे आणि त्यातला बराचसा बाळ बाहेर आल्यानंतरचा. ताप आणि अंगावरून जाणाऱ्याला घाण वास. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, लाल होणं, ते रक्ताची गाठ असू शकते, तिथे चोळायचं अजिबात नाही, मावशींनासुद्धा चोळू द्यायचं नाही. अचानक धाप लागणं. छातीला एका बाजूला लाल टणक गाठ आणि थंडी वाजून ताप. यातलं काहीही दिसलं तर सुंठेचा लेप बाजूला ठेवा आणि गाडी काढा, गाडी नसेल तर १०८ ला फोन, फुकट आहे.

मला कल्पना आहे की हे वाचून कोणीतरी म्हणणार आमच्या वेळी असलं काही नव्हतं. होतं. २०१८-२० च्या सरकारी आकड्यांत महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ आया गेल्या, देशात ९७, आणि तुमच्या वेळी हे आकडे याहून कितीतरी मोठे होते, फक्त "बाळंतपणात गेली" एवढं म्हणून विषय संपायचा. आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर का झाल्या ते शाळेत शिकलोय ना आपण. चौदाव्या वर्षी आई झाल्या, बाळ दहाच दिवस जगलं, मग त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर होऊन परत आल्या आणि प्रबंध कशावर लिहिला, तर प्रसूतिशास्त्रावर. असो, आजीच्या वेळचं मला उकरून काढायचं नाहीये.

दुसरी गोष्ट रडण्याची. चौथ्या दिवशी मी दुधाची पिशवी गळत होती म्हणून रडले. अक्षरशः अर्धा तास, फ्रिजसमोर उभी राहून. आई म्हणाली बाळंतिणीने रडू नये, डोळे जातात. डोळे कुठेही जात नाहीत. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून असं रडू येणं फार कॉमन आहे, हार्मोन एकदम खाली येतात, झोप नसते, दूध उतरत असतं, आणि साधारण दोन आठवड्यांत ते आपोआप ओसरतं. ओसरलं नाही तर मात्र ते वेगळं. दिवसभर उदास, बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, जेवण नको, कोणाशी बोलणं नको, बाळाकडे बघून काहीच वाटत नाही किंवा सतत भीती वाटते की माझ्या हातून बाळाला काहीतरी होईल. आपल्याकडच्या अभ्यासांत साधारण पाचातल्या एका बाळंतिणीला हा त्रास दिसतो, म्हणजे आईच्या भजनी मंडळातल्या पंधरा जणींपैकी तिघींना तो झालेला असणार आणि त्या कधी बोलल्या नसणार. माझ्याच सोसायटीतली एक मैत्रीण बाळंतपणानंतर बाल्कनीचं दार दिवसभर कडी लावून ठेवायची, आम्ही म्हणायचो काय गं गुदमरत नाही का, ती म्हणायची डास येतात. का लावायची ते तिने मला वर्षभराने सांगितलं. त्या वर्षभरात मी तिच्याकडे निदान दहा वेळा गेले असेन, आणि दहाही वेळा बाळाला घेऊन बसले.

तर हे आजारपण आहे, नखरे नाहीत, आणि त्याला उपचार आहेत, अंगावर पाजत असताना चालणाऱ्या गोळ्याही आहेत, डॉक्टर ठरवतात. लगेच कोणाशी बोलायचं तर टेलीमानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. बाईला भास होतायत, कोणाचे तरी आवाज येतायत, ती असंबद्ध बोलतेय किंवा जीव द्यायची भाषा करतेय, तर मात्र फोनवर थांबायचं नाही, तिला एकटं सोडायचं नाही, सरळ दवाखाना. अंगारा वगैरे नंतर लावा हवा तर.

आणि प्लीज, "दूध पुरतंय ना?" हा प्रश्न बंद करा. दिवसाला सहा जण हा प्रश्न विचारतात आणि सातव्यांदा ती तो स्वतःलाच विचारते, रात्री तीन वाजता. बाळ दिवसात सहा-आठ वेळा लंगोट ओला करतंय आणि वजन वाढतंय म्हणजे पुरतंय. काही विचारायचंच असेल तर "तू जेवलीस का? काल किती झोपलीस? डोकं-बिकं दुखत नाही ना?" हे विचारा. आणि ती हॉलमध्ये सगळ्यांसमोर "हो बरंय" म्हणेल, त्यामुळे एकटी असताना विचारा.

आता खाण्याकडे येते, कारण तुम्ही सगळे प्रेमाने जे आणता ते खाण्याचंच असतं. माझ्या वेळी घरात डिंकाच्या लाडवांचे पाच डबे जमले होते. पाच! एकात खारीक जास्त, एकात मेथी, एक कोणीतरी इतका कडक वळलेला की बाबा तो बत्त्याने फोडायचे. लाडू वाईट नाहीत, अळीव तर लोहासाठी चांगलाच, पाजणाऱ्या आईला रोज पाच-सहाशे कॅलरी जास्त लागतातच. पण त्या सव्वा महिन्यात पालेभाजी माझ्या ताटात किती वेळा आली? दोनदा. बाळाचं पोट बिघडतं म्हणून. फळं बंद, थंड असतात म्हणून. पाणी मोजून, पोट सुटतं म्हणून. अहो जी बाई दिवसभर दूध पाजतेय तिला तहान लागणारच, आणि पाणी तोडलं की पोट सुटत नाही, पोट साफ होत नाही, आणि टाके असताना ते काय प्रकरण असतं ते मी इथे लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

पालेभाजीवरून आठवलं. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलच्या संशोधकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणातला आहार तपासला, त्यांची मुलं मोठी होईपर्यंत बघितली, जगभर नावाजलेला अभ्यास आहे. त्यात काय निघालं, तर ज्या बायका हिरव्या पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं जन्मताना अंगाने मोठी होती. आपल्या मेथी-पालक-चाकवताची गोष्ट आहे ही, कुठल्या पावडरच्या डब्याची नाही. आणि दुसरं असं निघालं की यातल्या बहुतेक बायकांमध्ये बी१२ जीवनसत्त्व कमी होतं. बी१२ मिळतं दूध-दही, अंडी, मांस-मासे यातून, म्हणजे आपल्यासारख्या शाकाहारी घरात ते कमी पडायचीच शक्यता जास्त. आई कमी बी१२ वाली आणि फोलेट (म्हणजे फॉलिक ॲसिडच) मात्र भरपूर, अशा जोडीची मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याचं जास्त दिसलं. याचा अर्थ फॉलिक ॲसिड घ्यायचं नाही असा अजिबात काढू नका, ते तर दिवस राहायच्या आधीपासून घ्यायचं असतं, पण सोबत बी१२ तपासून घ्या, कमी असेल तर डॉक्टर देतात.

धाकटीच्या बाबतीत हे सगळं आम्ही यावेळी केलंय. पाचव्या महिन्यात तिचं हिमोग्लोबिन ९.४ निघालं, गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. देशात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना तो असतो. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या तर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी (नाव घेत नाही, आत्या तुम्ही) सांगितलं की या गोळ्यांनी बाळ काळं होतं. बाळ नाही हो, शी काळी होते. पोट थोडं धरतं, मळमळतं, मग वेळ बदलून बघायची, पण सोडायची नाही. चहाबरोबर घेतली तर घेऊन न घेतल्यासारखी, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नाही, दोन्हींत दोन तासांचं अंतर, लिंबूपाणी किंवा आवळ्याबरोबर मस्त. आणि ही गोष्ट मला माझ्या वेळी कोणी सांगितलीच नव्हती, लोहाची गोळी गरोदरपणात १८० दिवस आणि डिलिव्हरीनंतर पुन्हा १८० दिवस घ्यायची असते. मी दवाखान्यातून आल्यावर उरलेली पाकिटं कामवाल्या ताईंच्या सुनेला देऊन टाकली होती. दिवस संपले ना, आता कशाला.

मग डोहाळजेवण. दीड महिन्यापूर्वीचं, तुम्ही सगळे होतातच. झोपाळा, फुलांचे दागिने, हिरवी साडी, सगळं झकास. त्याच्या तीन आठवडे आधी धाकटीची साखरेची तपासणी झाली होती, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं, १४० च्या खाली हवं, तिचं १५६ आलं. म्हणजे गरोदरपणातली शुगर. आम्ही चार जणांना सांगितलं होतं आणि चार जणांचं ऐकून सगळ्यांना कळलंही होतं. तरी काय झालं? पेढा की बर्फीच्या वाट्या समोर आल्या, तिने एक उघडली, पेढा निघाला, टाळ्या, आणि मग सात जणींनी सात पेढे भरवले. "एका दिवसाने काय होतंय." मग बासुंदी, "आता तू एकटी नाहीस, दोघांचं खायचं." ती पोरगी हसत हसत सगळ्यांचा मान ठेवत होती आणि मी लांबून बघत होते की तिने तिसऱ्या पेढ्यापासून पुढचे गुपचूप पदराआडून रुमालात घेतले. घरी आल्यावर रुमाल उघडला तर पेढ्यांचा लगदा आणि त्यावर मोगऱ्याच्या दोन पाकळ्या. साखर मोजली, १७१. रात्री रडली ती, पेढ्यांसाठी नाही, "मी बाळाचं वाईट करतेय का ताई" म्हणून.

दोघांचं खायचं म्हणजे दुप्पट खायचं नसतं हो. डाळ, उसळ, भाकरी, अंडं चालत असेल तर अंडं, ताक, दाणे, जेवण झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं चालणं, एवढ्यावर तिची साखर आता आटोक्यात आहे, तळजाईला रोज सकाळी जिजूंबरोबर जाते. डिलिव्हरीनंतर ही साखर बहुतेकींची उतरते, पण सहा आठवड्यांनी तीच ग्लुकोजची टेस्ट परत करायची असते आणि पुढे वर्षानुवर्षं लक्ष ठेवायचं असतं, कारण अशा बायकांना नंतर खरा मधुमेह व्हायची शक्यता जास्त. त्यामुळे या खेपेला लाडवांचे पाच डबे नकोत. एक डबा चालेल, गूळ कमी घातलेला, आणि तो बाबा खातील.

बाकी किरकोळ. आल्यावर आधी बाथरूममध्ये जाऊन साबणाने हात धुवा, राग मानू नका. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाईस नावाच्या डॉक्टरने बाकीच्या डॉक्टरांना बाळंतिणीला तपासायच्या आधी हात धुवायला लावले तेव्हा तेही चिडले होते, पण बाळंतज्वराने मरणाऱ्या बायका एकदम कमी झाल्या. सर्दी-खोकला असेल तर व्हिडिओ कॉल करा. बाळाची पापी नको. मध चाटवायचा नाही, वर्षाचं होईपर्यंत नाहीच. बंद खोलीत कोळशाची शेगडी नाही, तो धूर आणि गॅस बाळाला आणि आईला दोघांनाही घातक आहे, धुरी द्यायची परंपरा मला माहीत आहे, तरी नाही. पोट घट्ट बांधल्याने पोट आत जात नाही. "वजन कधी कमी करणार?" हे विचारायचं नाही. बारशाच्या दिवशीच "आता दुसरं कधी?" असं विचारणाऱ्या एक काकू आहेत, त्यांना माहीत आहे त्या कोण; काकू, दोन बाळंतपणांत शरीर भरून यायला पुढचे दिवस राहण्याआधी निदान दोन वर्षं जाऊ द्यायची असतात, आणि तोपर्यंत काय वापरायचं ते ती डॉक्टरांशी बोललीय, तांबी डिलिव्हरीनंतर ४८ तासांतसुद्धा बसवता येते.

आणि जिजूंच्या ऑफिसचा ग्रुप, तुम्ही दहा जण एकदम येऊ नका, हॉल १२ बाय १० चा आहे. धाकटीच्या ऑफिसने २६ आठवड्यांची रजा दिलीय, कायद्याने द्यावीच लागते, तेव्हा "फाईल कुठे ठेवलीय" असे फोन तिला सहा महिने नकोत, तुमच्या ग्रुपमधून तिच्या ऑफिसात कोणाची ओळख असेल तर एवढं पोचवा.

भेटायची वेळ संध्याकाळी ५ ते ६. दुपारी १ ते ४ अर्थातच बंद, पण यावेळी ते पुणेरीपणा म्हणून नाही, त्या वेळात ती खरंच झोपलेली असेल आणि दारावर तशी पाटीच लावणार आहे, बाबांनी मजकूर तयार केलाय, "बाळ झोपले आहे. बाळाची आई त्याहून झोपली आहे. बेल वाजवल्यास बाळ तुमच्याकडे दिले जाईल." धाकटीला हॉलमध्ये आणणार नाही, एकेकाने आत जाऊन पाच मिनिटं भेटायचं. ज्यांना जास्त वेळ थांबायचंय त्यांनी बाळाला सांभाळा म्हणजे ती निवांत अंघोळ करेल, किंवा भांडी घासा, किंवा आईला जरा पडू द्या, तीही ६३ वर्षांची आहे आणि तिच्याकडे तर कोणीच बघत नाही.

बाबांचं मशीन यावेळी टीव्हीखाली नाही, हॉलमध्ये पेढ्यांच्या डब्याशेजारी असेल आणि शेजारी वही. धाकटीचं रोज सकाळ-संध्याकाळ लिहिणार आहोत, निदान दोन आठवडे. तुम्ही आलात की वहीतलं शेवटचं पान बघा, मग तिच्या तोंडाकडे बघा, आणि काही वेगळं वाटलं तर मला सांगा, भलेही मी म्हणेन तसं काही नाहीये, तरी सांगा. मावशींनी मला दोनदा सांगितलं तेव्हा कुठे मी मशीन काढलं होतं.

मावशी यावेळीही येणार आहेत. त्यांनी आत्ताच विचारून ठेवलंय मशीनचे सेल नवे घातलेत का.

तुमची,
धाकटीची ताई

ता.क. अगदीच काही आणायचं मनात असेल तर मंडईतून मेथीच्या दोन जुड्या आणा. निवडून. लिफ्ट बंद असेल तर खालून फोन करा, मी येऊन मेथी घेऊन जाईन.